कपाटातली खडीसाखर

१२ ऑगस्ट १९७८
मंदाची लघवी पाणी घालून पातळ करत करत पुन्हा तपासली. तरी गर्भाची तपासणी पॉझिटिव्हच. पोटात मूल नाही. जूनमध्ये तिचा द्राक्षगर्भ, मुलाऐवजी वाढलेला फोडांचा घड, मीच काढला. त्यातलं काही मागे राहून कॅन्सर झालाय. फार क्वचित दिसणारा. मार्गदर्शक सरांना मुंबईला ट्रंककॉल. "गर्भाशय काढा." बावीस वर्षांची पोर, विंचूरची, अजून मूल नाही. म्हटलं, नुसत्या इंजेक्शनांवर बघू का? सर : "बघा. संशोधन शिकायला आलात ना माझ्याकडे." त्रेचाळिसाव्या वर्षी मी शिकाऊ.

१४ ऑगस्ट
वॉर्डात पेढे. कंपाउंडरकडून 'पॉझिटिव्ह' ऐकून मंदाच्या सासूबाईंनी वाटले. ओटीचं सामानही आणलेलं. बाकावर बसवून सांगितलं.
"मंग तपासणी खोटं बोलती का?"
"खरंच बोलते, मावशी. पण मुलाबद्दल नाही."
उरलेला पुडा त्यांनी पदराखाली घेतला. मी एक पेढा खाल्ला होता, कशाबद्दल ते न विचारता.

२ सप्टें.
इंजेक्शनांनी मंदाचं तोंड आलंय, पाणीही झोंबतं. पांढऱ्या पेशी उतरल्या. इंजे. थांबवलं. थांबवल्याने कॅन्सर वाढला तर? सासूबाई पेज भरवत होत्या. "गिळ माय. बाई तुझ्यावरच शिकत्यात, त्यास्नी तरी पास होऊ दे." मला ऐकू जाईल असंच म्हणाल्या. काय चुकीचं म्हणाल्या.

१८ नोव्हें.
निगेटिव्ह. दोनदा केली. हात धुवायला गेले आणि नळ सोडून नुसती उभी.
"निगेटिव म्हंजे चांगलं?"
"चांगलं."
"लय उलटं हाय तुमचं." सासूबाई पहिल्यांदा हसल्या.
सर म्हणतात, आणखी इंजे. द्यायचीच, उरलंसुरलं तपासणीत दिसत नसतं. देईन. पण आज पोटभर जेवले.

२१ जाने. १९८०
मूल होऊ देण्याआधी वर्षभर थांब म्हटलं होतं, मंदा थांबली. आता पाळी चुकलीय. तपासणी पॉझिटिव्ह. मूल, की तेच परत? तपासणीला दोन्ही सारखंच. सर : "पोट कसं वाढतं बघा. थांबा." इंजेक्शन देणं सोपं होतं.
सासूबाई रिकाम्या हाताने आलेल्या. "आदी तुम्ही सांगा."

११ एप्रिल
पोटावर लाकडी नळी टेकवली, कान लावला. आधी माझंच धडधडणं ऐकू येत होतं. मग त्याच्याखाली दुसरं, बारीक, घाईघाईचं. मूल. मंदा माझ्या तोंडाकडे बघत होती. हो म्हणून मान हलवली. सासूबाईंना नळी दिली. बराच वेळ वाकून राहिल्या.
"येतंय का ऐकू, मावशी?"
"गप बसा जरा."
बाळंतपणानंतर पुन्हा तपासायचं, तेव्हा मात्र निगेटिव्ह यायला हवी, हे सांगितलं. त्यांनी पिशवीतून खडीसाखर काढली. "पेढे इटत्यात. ही टिकती. तवर तुमच्या कपाटात राहू द्या."
इंजेक्शनांच्या खोक्याशेजारी ठेवली आहे.