स्वयंपाकघरात गायलेली गाणी

धाकट्या,

मी कामावर निघाले, आज डबल ड्युटी आहे. तुमच्या बँडची गाणी ऐकली, स्टुडिओतली आणि आपल्या स्वयंपाकघरात मोबाइलवर केलेलीही. खरं सांगू? स्टुडिओत तू उगाच घसा ताणतोस. घरी बाबांची झोपमोड नको म्हणून दबक्या आवाजात गायलास, तेच कानाला गोड लागतं. मधेच फ्रिज घरघरतो, मी "आता भांडी घासू का रे?" म्हणून ओरडते. असू दे. रेकॉर्ड कंपनीला तीच पाठव.

ती ऐकता ऐकता मी बाबांचं सूप गरम करायला उठले, तेवढ्यात बाबांनी माझे हेडफोन कानाला लावले. "कोण गातंय?" मी तुझं नाव सांगितलं. तू कॉलेज सोडल्यापासून तुझं नाव काढलं की ते भिंतीकडे तोंड फिरवतात, म्हणून मी हेडफोन काढायला गेले. त्यांनी माझा हात बाजूला सारला आणि शेवटपर्यंत ऐकलं.

दुपारची गोळी तू दे. तुम्हा दोघांचे निरोप इकडून तिकडे पोचवून मी दमले रे. हेडफोन त्यांच्या उशाशी आहेत. हवे असतील तर तुझं तूच त्यांच्याकडे मागून घे.

ताई