गालगुंडाची मॅच

१ फेब्रुवारी, सोमवार

सहा जण! त्यांच्या टीममधले सहा जण गालगुंडाने आडवे झालेत. कॅप्टन, गोलकीपर, दोन्ही फॉरवर्ड, आणखी दोघे. सगळे गालाला फडकं बांधून घरात कोंडलेले. सकाळी डेपोत ड्यूट्या लावत होते, तेव्हा पहिल्या फेरीचा ड्रायव्हर पुलापलीकडून ही बातमी घेऊन आला. बोनस जाहीर झाल्यासारखा आनंद पसरला. मेकॅनिक गाल फुगवून एकमेकांना दाखवत होते. मीही हसले, खोटं कशाला लिहू?

मॅच रविवारी, आमच्या मैदानावर. नऊ वर्षं त्यांना हरवलेलं नाही.

संध्याकाळपर्यंत हसू आटलं. त्यांना हरवायचंय मला – पण अख्खे असताना.

२ फेब्रुवारी, मंगळवार

त्यांच्या क्लबने विचारलंय, मॅच थोडी पुढे ढकलता का? दोन्ही क्लब हो म्हणाले तरच तारीख बदलते. आमच्या क्लबने हात झटकले – प्रेक्षक मंडळ म्हणेल तसं. गुरुवारी बैठक.

मी बोलणार. जी बाई डेपोच्या गेटसभेत 'पडलेल्याला लाथ मारू नका' म्हणून घसा फोडते, तिने रविवारी स्टँडमध्ये बसून तीच लाथ मारायची?

नवऱ्याला सांगितलं. तो पुलापलीकडचा, त्यांच्या क्लबचा. मॅचच्या दिवशी आम्ही एकमेकांशी बोलत नाही, हा लग्नाआधीच झालेला करार. वाटलं, खूश होईल. त्याने दुरुस्तीचं घड्याळ खाली ठेवलं, डोळ्याला लावलेलं भिंग काढलं. म्हणाला, "नको बोलूस. तुझी माणसं तुला आमची म्हणतील. आणि मग भोंगा जाईल."

भोंग्याचं बरोबर बोलला. आमच्या स्टँडची रीत – खेळ सुरू होण्याआधी एकाने पत्र्याचा भोंगा घेऊन आपल्या अकरांची नावं पुकारायची, आणि प्रत्येक नावाला अख्ख्या स्टँडने ओरडायचं, 'हजर!' जखमी, आजारी कुणी घरी असेल, तर त्याचंही नाव घ्यायचं. त्याच्या वतीने आम्ही हजर. माझ्या थोरल्या भावाचा, दादाचा, आवाज बसल्यापासून हे काम माझं आहे. बाईमाणसाला भोंगा कशाला म्हणणारे पुष्कळ होते. पहिल्याच हजेरीनंतर गप्प बसले.

४ फेब्रुवारी, गुरुवार

हरले. सपशेल.

सायकलच्या दुकानामागची मंडळाची खोली. बसायला जागा नाही, टायर बाजूला सारून माणसं उभी. अध्यक्ष खाटीक. त्याचं म्हणणं सरळ – आजारपण कुणाला चुकलंय? गेल्या वर्षी आपले दोघे पाय मोडून पडले होते, तेव्हा ते थांबले का?

मी विचारलं, आपण थांबा म्हटलं होतं का?

मग मागून कुणीतरी – ताई सासरचं मीठ खाऊन बोलतात! हशा.

तापले मग. म्हटलं, सासरच्या क्लबचा मला लहानपणापासून तिटकारा आहे, आणि तो मी अक्षता पडतानाही सोडला नाही. म्हणूनच सांगते. नऊ वर्षं ज्यांनी आपल्याला लोळवलं, ते अंथरुणात असताना त्यांच्या राखीव पोरांना हरवणार, आणि त्याला सूड म्हणणार? आयत्या बिळावरचे नागोबा आपण! उद्या नातवंडं विचारतील, समोर कोण होतं? काय सांगाल – गालगुंड?

टाळ्या पडल्या. भाषणाला टाळ्या द्यायला कुणाचं काय जातं?

दादा उठला. ज्याने मला खांद्यावर बसवून या स्टँडमध्ये आणलं तो दादा. त्या बसक्या आवाजात म्हणाला, "छोटे, नऊ वर्षांच्या उपाशी माणसाला ताट कुणाचं ते विचारू नये."

तिथेच संपलं सगळं. पुढे ढकलायच्या बाजूने तीन हात वर. एक माझा, एक तिकीट फाडणाऱ्या आजोबांचा, तिसरा पंखा लावायला उठलेल्याचा.

जाताना खाटकाने हळूच बजावलं – रविवारी नुसती हजेरी घे ताई, भाषण नको. नाहीतर भोंगा माझ्याकडे.

५ फेब्रुवारी, शुक्रवार

दादाचा फोन. उचलला नाही.

७ फेब्रुवारी, रविवार

चार-शून्य. जिंकलो.

क्रमाने लिहिते. त्यांच्याकडे माणसं पुरेनात. शेवटी सहांतला एक, लेफ्ट बॅक, गाल पुरता उतरलेला नसताना मैदानात आणला. बाकी पाच घरी. आमच्या बाकड्यांवर लोक गाल फुगवून त्याला वेडावत होते. तो मान खाली घालून बुटाची नाडी बांधत राहिला. एकच नाडी, बराच वेळ.

मी भोंगा उचलला. आपले अकरा पुकारले. 'हजर' असं घुमलं की पत्रे थरथरले. मग मी थांबले नाही. त्यांच्या गैरहजर कॅप्टनचं नाव घेतलं.

शांतता. माणसांना वाटलं, माझी जीभ घसरली. मीच ओरडले – हजर!

दुसरं नाव. हजर! माझा एकटीचा आवाज. तिसऱ्याला शिव्या सुरू झाल्या. चौथ्याला खाटीक पायऱ्या चढू लागला. पाचवं नाव मी त्याच्या तोंडाकडे बघत घेतलं, उत्तरही त्याच्या तोंडावरच दिलं. मग स्वतःच्या हाताने भोंगा त्याला दिला. ओढून घेऊ दिला नाही.

पलीकडच्या बाजूला त्यांचे लोक बसले होते. तेही गप्प. त्यांना वाटलं असेल, ही थट्टेची नवी तऱ्हा.

खेळाबद्दल काय लिहू? चारही गोल त्या लेफ्ट बॅकच्या बाजूने. त्याला धाप लागत होती आणि आमचे फॉरवर्ड त्याला खेटून खेटून, खांद्याला खांदा लावून पुढे जात होते. शिट्टी वाजल्यावर तो गोलपोस्टला टेकून बसला. इकडे सगळे नाचत होते. मी कुंपणाच्या फटीतून आत गेले, माझ्या रुमालाने त्याचं तोंड पुसलं. म्हणाला, "मावशी, ती नावं तुम्ही का घेतलीत?" म्हटलं, पुढच्या वेळी तुम्हाला नीट हरवायचंय म्हणून. हसला. हसताना त्याचा गाल दुखला.

त्याच रुमालाने स्वतःचेही डोळे पुसत घरी आले. करार मोडून नवऱ्याने दार उघडल्याबरोबर विचारलं, "जेवणार?"

८ फेब्रुवारी, सोमवार

डेपोत निम्मे लोक बोलत नाहीत. उरलेले निम्मे 'हजर' म्हणून चिडवतात. चिडवा! एकटीने ओरडलेलं 'हजर' चार गोलांपेक्षा लांब ऐकू जातं.

२४ फेब्रुवारी, बुधवार

हात दाखवून अवलक्षण!

रविवारी परतीची मॅच, त्यांच्या मैदानावर. आणि आज आमचे चार जण गाल धरून झोपलेत. चौघेही त्या लेफ्ट बॅकला खेटलेले. डॉक्टर म्हणाले, रोग अंगात मुरून वर यायला असाच दोन-अडीच आठवड्यांचा काळ जातो.

आपण थांबलो असतो तर तो पोरगा मैदानात आलाच नसता. हे मी कुणालाही म्हणाले नाही. म्हणायची गरजच नव्हती.

२५ फेब्रुवारी, गुरुवार

खाटीक डेपोत आला. टोपी हातात. मंडळाचं म्हणणं, पुलापलीकडे जाऊन मॅच पुढे ढकलायचं बघावं. आणि बोलायला – ताई, तुझ्याशिवाय कोण?

आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं! सात तारखेला जे लाथेच्या लायकीचं होतं, ते आज माणुसकीचं झालं. हे सगळं त्याला सुनावलं, ड्रायव्हरांसमोर, आवाज न चढवता. त्याने ऐकून घेतलं.

मग म्हटलं, जाईन. पण मागणार काही नाही.

२६ फेब्रुवारी, शुक्रवार

गेले. सोबत दादा. पुलावर आल्यावर त्याने माझी पिशवी स्वतःकडे घेतली.

त्यांचं मंडळ शाळेच्या व्यायामखोलीत भरतं. आयुष्यातलं सगळ्यात छोटं भाषण केलं – मी सवलत मागायला आले नाही. सात तारखेला आम्ही चुकलो. तेवढं सांगायला आले. रविवारी जेवढे उभे राहतील तेवढ्यांनिशी येऊ.

दादाने घसा साफ केला. "माझंही मत चुकीचं पडलं होतं," म्हणाला. बसक्या आवाजात, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

त्यांचा कॅप्टन उठला. आता ठणठणीत. तारीख हलत नाही म्हणाला, सोमवारपासून मैदान खणायला घेणार आहेत. पण तुमचे किती बाहेर? चार? मग आमचे पाच बाहेर बसतील. घरी होतो तेच पाच.

मी म्हटलं, चाराला चार होतात.

"पाचवा तुमच्या हजेरीचा," तो म्हणाला. "त्या दिवशी आमच्या लोकांना कळायला वेळ लागला. आम्हाला घरबसल्या कळलं."

त्या क्लबला मी हात जोडले. पहिल्यांदाच.

२८ फेब्रुवारी, रविवार

डावा गाल रात्रीत भोपळ्याएवढा. तोंड उघडत नाही. तो रुमाल! नवरा करार पाळून गप्प आहे, पण खांदे हलतायत.

खाटीक सकाळी भोंगा परत द्यायला आला. मी पाटीवर लिहिलं: तूच घे. आपले अकरा, आपले चार, मग त्यांचे पाच.

त्याने वाचलं. विचारलं, "आणि त्यांच्या पाचांना 'हजर' म्हणणार कोण?"

पुसून लिहिलं: तू.

त्याने भोंगा काखेत मारला, आणि ती पाच नावं पुटपुटत, पाठ करत जिना उतरला.