गव्हर्नरसाहेबांचा उपास

एल्मफर्ड, १९ मार्च १८०४

चि. एलिफलेट यास ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझा हुकूम काल चर्चमध्ये वाचून दाखवला. गुरुवारी, बारा एप्रिलला, साऱ्या राज्याने उपास करावा, आपली पापं आठवावीत, कसलाही समारंभ करू नये. भाषा फार सुंदर. दुकानात मीठ तोलायचास तेव्हा असे शब्द कुठे ठेवले होतेस? निवडणुकीत तीनदा पडून शेवटी गव्हर्नर झालास, आणि कौन्सिलला विचारल्याशिवाय शिंकताही येत नाही म्हणून रडत होतास. निदान लोकांना उपाशी ठेवायची तरी सत्ता मिळाली, बरं वाटलं.

फक्त त्याच गुरुवारी माझ्या टर्झाचं लग्न आहे. तुझी सख्खी भाची. तिच्या बापामागे तूच तिला वाढवलंस, लग्नात शेजारी उभा राहीन म्हणालास. नवरामुलगा सायलस बैलगाडी घेऊन बुधवारी रात्री येणार आणि शुक्रवारी पहाटे दोघं ओहायोला निघणार, कायमची. आमचे पाद्रीबाबा त्या दिवशी लग्न लावायला तयार नाहीत. उपास आठवडाभर पुढे ढकल. पापं कुठे पळून जात नाहीत.

लोभ आहेच, तारीख तेवढी बदल.
मेहिटबेलताई

राजधानी, २६ मार्च

ति. ताईस सा. न. वि. वि.

लग्न माझ्या ध्यानातूनच गेलं, गाढव आहे मी. पण हुकूम आता गावोगाव पोचला. भाचीसाठी मामाने देवाचा दिवस हलवला, असं विरोधक छापतील आणि पुढच्या मार्चच्या निवडणुकीत पडून मी पुन्हा मीठ तोलत बसेन. टर्झा शहाणी आहे, तिला समजाव.

रागावलीस तरी माया कमी करू नये.
एलिफलेट

एल्मफर्ड, १४ एप्रिल

चि. एलिफलेट यास आशीर्वाद.

लग्न झालं, नदीपलीकडे. तुझा उपास अलीकडच्या काठालाच संपतो, हे तुझ्या भाचीच्या लक्षात आलं. पलीकडच्या व्हरमाँट राज्याच्या गव्हर्नरांनी आपल्या माणसांना उपाशी ठेवायला दुसरा गुरुवार निवडलाय. तिथल्या पाद्र्याने हसतहसत लग्न लावलं. होडी भरून टर्की आणि सफरचंदाची दारू नेली, मागून अर्धा गाव आला. आमचे पाद्रीबाबाही आले आणि दोनदा वाढून घेतलं. सगळे परराज्यात जेवले, तेव्हा तुझ्या हुकमाला कुणी बोट लावलं नाही.

तू राजधानीहून आलास खरा, पण काळा कोट घालून अलीकडच्या काठावरच उभा होतास. टर्झाने तुला पाहिलं, हात केला, तुझ्यासाठी होडी पाठवली आणि ती परत येईपर्यंत लग्न थांबवून ठेवलं. होडी रिकामीच आली. नावाडी म्हणाला, साहेब म्हणतात लोक बघतायत. मग तोच टोपी काढून तिच्या शेजारी उभा राहिला. मला फार वाईट वाटलं, एलिफलेट. ही थट्टा नाही.

काल पहाटे गाडीत बसताना तिने सायलसला एवढंच विचारलं, की ओहायोलाही गव्हर्नर असतो का, आणि असला तर तो कुणाचा मामा तर नाही ना.

तुझी ताई