सगळ्यांच्या मागून

बाई,

धरणाच्या काठाने मी एक वाट आखलीय. आपल्या गावातून निघायचं, खडकाळ टेकाडाला वळसा घालायचा आणि परत गावात यायचं. हल्ली याला सेल्फ-गाइडेड नेचर ट्रेल म्हणतात. सोबत माहिती सांगणारं कोणी नाही, पाट्या बघायच्या आणि आपलं आपण चालायचं. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "चालायला इंग्रजी नाव कशाला लागतं?" लागतं बाई. मी आता शहराच्या कडेला, सूसला राहते, आणि आमच्या सोसायटीत इंग्रजी नाव असल्याशिवाय रविवारी सकाळी कोणी अंथरूण सोडत नाही.

हे काम गावातल्या बचत गटाच्या बायकांनी माझ्या गळ्यात मारलं. शहरातली माणसं गाड्या घेऊन येतात, पाण्यासमोर फोटो काढतात, वेफर्सची पाकिटं टाकतात आणि जातात. ती थोडी चालली, गावात जेवली तर बरं, एवढंच त्यांचं म्हणणं. मी हो म्हटलं ते मात्र तुमच्यामुळे. शनिवारी सकाळची शाळा सुटली की तुम्ही आम्हाला याच काठावर आणायचात. साडी घोट्याच्या वर खोचलेली, पायात कॅनव्हासचे बूट, आणि चालायचात सगळ्यांच्या मागून. मी सारखी वळून बघायची, बाई येताहेत ना! एकदा विचारलंच, तर म्हणालात, "मी पुढे चालले तर तुम्ही सगळे माझी पाठ बघाल. तळं कोण बघणार?" मला तेव्हा वाटलं, चढावर दम लागतो म्हणून सबब सांगताय.

तर मला हवं होतं ते एवढंच, की तुम्ही नसताना आणि मीही नसताना कोणीतरी टेकाडावरच्या त्या काळ्या खडकापाशी थांबावं, नीट बघावं. तेवढं साधलं नाही, तर मग ही वाट म्हणजे नुसता पायांना व्यायाम. त्यासाठी आमच्याकडे जिम आहे.

आणि मी काय केलं? मे महिन्यात गेले आणि खाली गेलेल्या पाण्याच्या अगदी काठाला पाट्या रोवल्या. प्रत्येक पाटीवर माहिती नुसती खच्चून भरलेली. बचत गटाची काकी कमरेवर हात ठेवून बघत राहिली. "श्रावणात पानी पार वर चढतंय, इसरलीस व्हय गं? मासं वाचत्याल तुज्या पाट्या." मग एक पाटी जवळून निरखून म्हणाली, "ते बी बरंच हाय म्हना. एवढं वाचायला त्यास्नीच येळ आसंल." मी इथेच लहानाची मोठी झालेली, आणि धरणाचं पाणी चढतं हे साफ विसरले! हसून हसून आमच्या डोळ्यांत पाणी आलं. पाट्या उपटल्या, गाडीत टाकल्या आणि सूसपर्यंत तुमचंच बोलणं आठवत गेले.

चौथीतला शनिवार. मी 'अग्निजन्य खडक' पुस्तकातल्यासारखा एका दमात म्हणून दाखवते. तुम्ही म्हणता, "पाठ झालं. आता दाखव बघू." मी इकडे बघते, तिकडे बघते, शेवटी लांबच्या डोंगराकडे बोट करते, आणि सगळा वर्ग फिदीफिदी हसतो, कारण मी उभी त्याच खडकावर आहे. इतका राग आला होता तुमचा! मग तुम्ही आम्हाला तुमच्या खोलीवर नेलंत. स्टोव्हवर पिठलं रटरटत होतं, त्याचे बुडबुडे पोक् पोक् फुटत होते. तुम्ही ते ताटलीत ओतलंत आणि निवू दिलंत. "कोणी बोलायचं नाही, नुसतं बघायचं." घट्ट होत गेलेल्या पिठल्यावर बारीक बारीक भोकं राहिली होती. मी ओरडले, "बाई, हा तर आपला खडक!" तुम्ही नुसत्या हसलात आणि मला एक डाव जास्त वाढलात. जमिनीला भेगा पडल्या, लाव्हारस वर आला, त्यातले बुडबुडे फुटून भोकं राहिली, थरांवर थर निवत गेले आणि आपले डोंगर झाले, हे सगळं तुम्ही जेवण झाल्यावर सांगितलंत.

म्हणून या खेपेला पाट्या टेकाडावर लावल्या, आणि खडकापाशी फक्त एवढंच लिहिलं: 'ही भोकं कोणी पाडली? बोट घालून बघा. उत्तर जेवताना मिळेल.'

गेल्या रविवारी पहिली फेरी झाली. माझ्या शेजारचं अकोल्याकडचं जोडपं आलं, दोघंही हिंजवडीला नोकरीला, सोबत नवऱ्याची आई. काकीने मला बजावलं होतं, "तू जायाचं न्हाई." "नाही जात" म्हटलं, आणि करवंदीच्या जाळ्यांआडून त्यांच्या मागे गेले. आजींच्या मुलाने पाटी वाचली आणि फोनवर बोलत पुढे निघाला. सूनही गेली. आजी मात्र खडकावर बसल्या आणि एकेका भोकात बोट घालत राहिल्या.

जेवायला मी साळसूदपणे येऊन बसले. काकीने कढत पिठलं ताटांत वाढलं आणि "निवू द्या जरा" म्हणून भाकऱ्या थापायला गेली. मग आजी ताटावर वाकल्या. "अवो, हे तं त्या गोट्यावानीच दिसून राह्यलं नं!" मुलाने ताटात पाहिलं. फोन खाली ठेवला, पुन्हा पाहिलं आणि तसाच उठून टेकाडाकडे पळाला. मागून सून.

काकी चुलीपासून ओरडली, "आरं जेवून तरी जा! दगूड कुटं पळतोय व्हय?"

मला इतका आनंद झाला बाई, की काय सांगू! आणि ज्यांना सांगायचं, त्यांना हे पत्र पोचणार नाही. घडी घालून तुम्ही दिलेल्या भिंगाच्या डबीत ठेवून देईन. एक मात्र कबूल करते. आजींचा हात धरून मीही त्या दोघांच्या मागे निघाले. वळणावर आजींना पुढे जाऊ दिलं, सगळ्यांच्या शेवटी राहिले, आणि मागे वळून पाहिलं, तुम्ही येताय ना म्हणून.