तळाचा नंबर

बोरगाव मेघे, वर्धा
नवरात्राची पाचवी माळ

अल्लीपूरनिवासी ज्येष्ठ श्यालक (संस्कृतात बायकोच्या भावाला हाच शब्द आहे, त्यात शिवी धरू नये) श्री. रूपरावदादा यांना कैलासचा वाकून नमस्कार. इकडे सर्वांची प्रकृती ठीक. आपला गुडघा आता जिना चढू देतो का? वहिनींनी पाठवलेल्या तुरीच्या डाळीत खडे निघाले नाहीत, हे मोहिनीने आवर्जून लिहायला सांगितले आहे (मागच्या खेपेला निघाले होते, हे लिहू नका असेही सांगितले आहे). फोनच केला असता, पण आपल्याकडे फोन स्पीकरवर टाकून सगळ्या ओसरीने मिळून ऐकायची रीत आहे, आणि पुढचा मजकूर ओसरीचा नाही.

आपण विचारले होते की रुचिकाला माझ्या कंपनीत चिकटवता येईल का, आणि तिथे काम तरी काय असते. बाप म्हणून विचारणे योग्यच. दुसऱ्या प्रश्नाचे आधी सांगतो. कंपनी परब्रह्मासारखी आहे. सर्वत्र आहे, आणि दिसत कोणालाच नाही. मी संस्कृतात एम.ए. केले तेव्हा कोणीतरी म्हणाले की व्याकरण पचवलेल्याला कॉम्प्युटरची भाषा जड जात नाही. दुसरीकडे कुठे नोकरी नसल्यामुळे मला ते पटले. तेव्हापासून परदेशातल्या कुठल्याशा विमावाल्यांच्या पडद्यावर एक हिरवे बटण आहे, ते मी सांभाळतो, हल्ली घरच्याच मागच्या खोलीतून. ते दाबले की माणूस पुढच्या पानावर जातो. माझे तारुण्यही त्याच वाटेने गेले. (मधे ते निळे करावे असे वरच्यांना वाटले. निळे केले. मग हिरवेच बरे होते असे ठरले. पुन्हा हिरवे केले. त्या वर्षी मला प्रशस्तिपत्र मिळाले.) आपल्या गावी मात्र माझी कीर्ती वेगळी. गेल्या उन्हाळ्यात शेजारच्या रामाजींनी मला विहिरीवर नेऊन मोटारपंपाचा स्टार्टर दाखवला. मला त्यातले कळत नाही म्हटल्यावर ते आपल्याला काय म्हणाले, ते मी ऐकले होते: "जवाईबुवा कंपनीत हायेत म्हन्ता, मंग तिथं करून काय राह्यले?" याचे उत्तर मी अजून शोधतो आहे.

आता मुख्य गोष्ट. वर्ष सरले की प्रत्येक साहेबाने आपल्या हाताखालची माणसे चार खान्यांत घालायची, आणि तळाच्या खान्यात एक तरी पडलाच पाहिजे, असा दंडक आहे. सगळ्यांनीच चांगले काम केले, हे कंपनीच्या तत्त्वज्ञानात बसत नाही. पहिली काही वर्षे यावरून आमच्यात फार कडूपणा झाला. मग कॉलनीतल्या बायकांची भिशी पाहून मला कल्पना सुचली, आणि आम्ही तळाचीच भिशी लावली. दर वर्षी एकाचा नंबर. त्याची पगारवाढ बुडते, बाकीचे त्याला जेवू घालतात, पुढच्या वर्षी तो वर येतो. आमच्या साहेबाला, मुकेशला, हे सगळे ठाऊक होते. (तो पुण्यात बसतो, माझ्याहून पुष्कळ लहान आहे आणि मला 'सर' म्हणतो, रजा नाकारतानाही म्हणतो.) भांडणे मिटली म्हणून वर त्याचेच कौतुक झाले.

एकच अडचण होती. तळाच्या माणसाचे दोष लेखी द्यावे लागत, आणि मुकेशला वेळ नसे. तेव्हा ज्याचे त्याने लिहावे असे ठरले. पण बाकीच्यांची भाषा यथातथा, म्हणून ते काम माझ्याकडे आले. दोष लिहिण्यात माझा हात बसला. कोणाचे मन दुखू नये आणि वरच्यांना खरे वाटावे, असे मोजके लिहीत असे.

यंदा नंबर चंदनचा होता. मुलगा हिंगणघाटचा, लग्न ठरलेले, आणि मुलीकडचे शेरा लिहिलेला कागद पाहायला मागत होते. त्याने मला गाठले. "काका, यंदा तुमी बसा ना खाली. पुढं मी दोनदा बसतो." मी बसलो. दुसऱ्यांचे दोष लिहिताना हात आखडता घ्यावा लागे. स्वतःचे लिहिताना कोणाची भीड? 'नव्या तंत्राविषयी उदासीन, पुढाकाराचा अभाव, पूर्वपुण्याईवर निर्वाह' असे चांगले पानभर लिहिले. माझे आजवरचे सर्वोत्तम लेखन ते.

पोळ्याच्या आधी वरून हुकूम आला की यंदा तळाचे खाने सर्वत्र रिकामे करायचे, म्हणजे त्यातली माणसे कामावरून कमी करायची. एका बाईंनी पडद्यावर येऊन मला माझेच पान वाचून दाखवले. वाचता वाचता त्यांचा माझ्याविषयी फारच वाईट ग्रह होत गेला, आणि खरे सांगतो, माझाही झाला. मुकेश म्हणाला, "सर, माझ्या हातात काहीच नव्हतं." चंदनचा फोन आला. भिशीचे सगळे वर सांगतो म्हणाला. मी नको म्हटले. त्याने फार आग्रह केला नाही. लग्नाचे आमंत्रण मात्र सहकुटुंब आहे.

तेव्हा पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे, की माझा शब्द आता तिथे चालत नाही. रुचिकाने स्वतःच्या बळावर जावे. मुलगी हुशार आहे. एवढेच सांगा, गुण कितीही सुंदर लिही, दोष मात्र लिहिता न आल्यासारखे लिही.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला
कैलास

ता. क. खरे काम लिहायचे राहिले. मोहिनीला यातले काही सांगितलेले नाही. कंपनीचा कॉम्प्युटर ती बाजारात गेली असताना कुरियरने परत केला. रोज सकाळी मी मागच्या खोलीत घरातल्या जुन्या कॉम्प्युटरपुढे कानाला हेडफोन लावून बसतो आणि रोजच्या मीटिंगमध्ये साहेबाला सांगत असे तेच भिंतीला सांगतो: काल हे केले, आज ते करणार, अडचण काही नाही. मला तोंडाने सांगवत नाही. आपण मोठे भाऊ, रविवारच्या एस.टी.ने यावे आणि आपल्या शब्दांत सांगावे. मी तेवढ्यात पान खाऊन येईन.

दुसरा ता. क. पाकीट चिकटवताना मोहिनी आली. दादाला एवढे काय लिहिले म्हणून विचारले. मी गुडघ्याविषयी म्हणालो. ती म्हणाली, "त्याले लिवा का मले माहीत हाय, पोळ्यापासूनच. पहिले मिटिंगमधी तुमाले कोनी बोलू देत नोते. आता तुमीच बोलता, कोनी अडवतच नाई." तेव्हा सांगण्याचे काम उरले नाही. तरी आपण यावे. आज सकाळीही माझी मीटिंग संपेपर्यंत तिने मिक्सर लावला नव्हता. का, ते विचारायचे आहे, आणि माझ्याने ते होत नाही.