मामांच्या रुमालाखालचे केस

मुक्काम बसमत,
माघ वद्य तृतीया

तीर्थरूप उकंडरावमामा यांना भाचा संतराम याचा हट्ट्याच्या दिशेला तोंड करून, डोके जमिनीला टेकवून नमस्कार. (डोके खरोखरच टेकवले. डोक्याचा विषय पुढे येणारच आहे.) तुमचा गुडघा, मामींची दाढ आणि तांबड्या गाईचा खूर या तिन्हींचे आता कसे आहे ते कळवावे. मी बरा आहे. तुमचा चष्मा अजून दुरुस्त होऊन आला नसेल, म्हणजे हे पत्र तुम्हाला शालूच वाचून दाखवत असणार. तिला एवढेच सांगणे की कंसातला मजकूर मनातल्या मनात वाचावा, म्हणजे वाचणाराच्या घशाला आराम पडतो. (शालू, पहिला कंस मोठ्याने वाचला असशील तर 'दादाचं डोकं दुखून राहिलंय' म्हणून सांगून टाक. आणि यापुढे मला दादा म्हणायचे सोड, बरे दिसत नाही.)

मामा, गेल्या पाडव्याला तुम्ही ओसरीवर पान लावता लावता मला म्हणाला होतात, "शाळा सोडली, जिनिंग सोडली, दुकान सोडलं. काहून रे, तुला बुडाला काटे हायेत का? ह्या पाडव्यापासून त्या पाडव्यापस्तोर एका जागी टिकून दाखव, मंग पोरीचं बघू." ते शब्द मी वहीत लिहून ठेवले आहेत. त्याच आठवड्यात मी बसमतेत तातेरावांच्या तेलाच्या कारखान्यात जाहिराती लिहायला लागलो, आणि आता पाडव्याला दीड महिना राहिला आहे. साडेदहा महिने एका जागी बसलेला संतराम तुम्ही पाहिलेला नाही, आईनेही पाहिलेला नाही. हा दीड महिना सुखरूप पार पडावा म्हणून मी काय काय गिळतो आहे, ते ऐकून तुमच्या डोळ्यांना पाणी येईल.

पण आधी या डागांबद्दल माफी मागतो. हे डाग पेनाचे आहेत. हे पेन मी मासिकातली जाहिरात पाहून टपालाच्या व्ही.पी.ने मागवले. 'आजन्म गळणार नाही' असे त्यात छापले होते, आणि ते कोणाच्या आजन्म हे न विचारता मी पैसे भरले. दिवसभर लोकांना थापा लिहून देणारा आणि संध्याकाळी दुसऱ्यांनी लिहिलेल्या थापा वाचून खिशात हात घालणारा माणूस बसमतेत मी एकटाच आहे. याच मार्गाने माझ्याकडे एक छत्री आली आहे (ऊन असले की उघडत नाही, वारा असला की मिटत नाही), आणि एक गजराचे घड्याळ आले आहे, ते गजर करते, वेळ मात्र दाखवत नाही. पेनाच्या कंपनीला मी रागारागाने तीन पानी तक्रार लिहिली. सुरुवात अशी केली होती की, 'आपले पेन हाती आल्यापासून माझे आयुष्य पार पालटून गेले आहे', आणि मग खराब झालेल्या सदऱ्यांची यादी. कंपनीने पुढच्या महिन्याच्या मासिकात माझे पहिले वाक्य माझ्या नावागावासकट छापले आणि खाली लिहिले, 'संतुष्ट ग्राहक'. मला हसावे की रडावे कळेना. पण युक्ती मात्र ध्यानात राहिली, आणि पुढचे सगळे रामायण त्या युक्तीचे आहे.

तर आमचे तेल. त्याचे नाव 'कुंतलकौमुदी'. हे नाव मीच ठेवले. तातेरावांना 'जबरदस्त केशतेल' हवे होते. आत काय आहे ते मी शपथेवर सांगू शकत नाही, पण सरकी आहे, कापूर आहे, आणि बसमतेत हळदीला तोटा नाही म्हणून हळदही आहे. हळदीमुळे बायांच्या उशा पिवळ्या होतात. तशी बोंब उठली तेव्हा तातेराव मला म्हणाले, "संतराम, इश्तिहारात बराबर जमवून घ्या." मी जमवले, 'उशी पिवळी होणे ही तेल केसांच्या मुळापर्यंत पोहोचल्याची खूण होय.' माझी नोकरी ही अशी आहे. मी एक ओळ लिहायची, तातेरावांनी त्यात दोन दुखणी वाढवायची. केसांसाठी लिहिले की ते अर्धशिशी घालतात, अर्धशिशी राहू दिली की विंचवाचा दंश घालतात, आणि गेल्या हस्तपत्रकात बैलाच्या खांद्यावरचे आवाळूही आले होते. शिवाय लढाईमुळे रिकाम्या बाटल्या मिळेनाशा झाल्या आहेत, तेव्हा 'गिऱ्हाइकाला बाटली परत करण्यात जो आनंद आहे' या विषयावर मला अर्धे पान लिहावे लागले. वाचणाराला तो आनंद झाला नाही, बाटली एकही आली नाही.

दिवाळीनंतर तातेरावांना प्रशस्तिपत्रे छापावीशी वाटली. टपाल तर रोज येत होते, पण त्यात छापण्यासारखी एकही ओळ नव्हती, आणि काही ओळी तर बाईमाणसासमोर उच्चारण्यासारख्या नव्हत्या. तेव्हा मी ती पत्रे चुलीत घातली आणि प्रशस्तिपत्रे घरीच लिहिली. तातेरावांना हे माहीत नाही, मामा. त्यांना वाटते ती खरोखर टपालाने येतात. ती वाचताना ते उपरण्याने डोळे पुसतात, आणि ते पाहून मला खरोखर शरम वाटते. माणूस वाईट नाही. स्वतःच्या तेलावर त्याचा जीव आहे.

आता असे पत्र कोणाच्या नावाने लिहायचे? नाव खरे हवे, गाव खरे हवे, माणूस वजनदार हवा, आणि त्याचे डोके कोणी पाहिलेले नसावे. मामा, अशी चारही लक्षणे जुळणारा माणूस मला सगळ्या तालुक्यात एकच आठवला. तुमच्या डोक्यावरचा रुमाल मी जन्मात उतरलेला पाहिला नाही. दुपारी निजता तेव्हाही तो असतो, जेवताना असतो, आणि उतरवून दाखवा असे भल्या माणसाला म्हणायची या मुलखात कोणाची छाती नाही, कारण रुमाल उतरवणे म्हणजे आब्रू उतरवणे. तुमच्या डोक्याची हकीकत मामींना ठाऊक आणि नामाजी न्हाव्याला ठाऊक. (मला ती मी सात वर्षांचा असताना विहिरीवर कळली. ऊन फार होते, शालू, आणि डोळे दिपले.) म्हणून मी लिहिले: 'वीस वर्षांच्या टकलावर तीन बाटल्यांत इतके दाट केस आले की आता रुमालाला दोन हात कापड जास्त लागते. उकंडराव, जमीनदार, हट्टा.' तुमचे नाव नांदेडपासून हिंगोलीपर्यंत प्रत्येक आठवडी बाजारात हलगी वाजवून वाटले गेले आहे. एवढी कीर्ती पाटीलकीनेही मिळाली नसती, तेव्हा रागावण्याआधी याचा विचार करावा.

सगळे बेतशीर चालले होते. पण माझ्या छंदाने घात केला. शुक्रवारी दफ्तरे बंद असतात, आमचा कारखानाही बंद असतो, आणि मी आसना नदीच्या डोहावर मासे धरायला जातो. (गळही व्ही.पी.चा. 'मासा आपण होऊन येतो.' आठ शुक्रवार झाले, अजून निघालेला नाही.) गेल्या शुक्रवारी असाच बसलो असताना मागून मेंढरे आली. त्यांच्याबरोबर साखऱ्याचा सोनाजी धनगर होता, खतासाठी शेतात कळप बसवायला या बाजूला उतरलेला. त्याने गळाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "तेलाचा कागद लिवनारे तुमीच का?" कोणी तरी माझे लेखन ओळखले म्हणून मी फुगलो आणि व्हय म्हणालो. तेव्हा त्याने एक मेंढी ओढून माझ्यापुढे उभी केली. मामा, तिच्या अंगावर लोकरीचा एक धागा नव्हता. वांग्यासारखी तुकतुकीत, आणि थोडी पिवळी.

झाले होते असे की, आमचा कागद कोणाकडून तरी वाचून घेऊन सोनाजीने सरळ हिशोब केला. माणसाच्या टकलावर जर इतके दाट केस येतात, तर मेंढीच्या अंगावर मुळातच लोकर असते, तिथे किती येईल! त्याने चार मेंढ्यांना चार बाटल्या चोळल्या. आठव्या दिवशी लोकर हातात आली, ती कातरावीही लागली नाही. मी त्याला समजावले की तेल माणसासाठी आहे, जनावरासाठी नाही. तो म्हणाला, "बैलाचं लिवलंय की कागदात. बैल काय मानूस हाय?" ती ओळ तातेरावांची होती, पण खाली सही माझी होती. मग तो शांतपणे म्हणाला, "मी भांडून न्हाई राहिलो, मालक. आमी अडानी मानसं, लावन्यात चूक झाली आसंल. त्या हट्ट्याच्या उकंडरावाचं डोकं एकडाव दाखवा. केस दिसले तर माझी चूक, मी गुमान जातो." आणि मेंढी काखेत मारून तो थेट तातेरावांच्या घरी गेला. मी मागून धावलो, पण छत्री उघडली गेली आणि वाऱ्याने मला उलट दिशेला नेले.

मी पोहोचलो तोवर तातेराव खुशीत होते. मेंढीकडे त्यांनी ढुंकूनही पाहिले नाही. ते म्हणाले, शाबास, ही तर नामी गोष्ट झाली, आपण सगळेच हट्ट्याला जाऊ, परभणीहून फोटोवाला बोलावू, आणि उकंडरावांचा उघड्या डोक्याचा फोटो कागदावर छापू. मी म्हणालो, ते रुमाल उतरवणार नाहीत, जुन्या वळणाचे आहेत. तर म्हणतात, "आहो, एवढ्या प्रेमानं ज्यानं पत्र लिवलं, तो आपल्यासाठी एवढं न्हाई करनार?" आणि पुन्हा त्यांनी उपरणे डोळ्यांना लावले. मग सहज म्हणाले की एखादे पत्र खोटे निघाले तर जाहिरात लिहिणाऱ्याला त्याच पावली हाकलीन. अजून त्यांना तुमचे माझे नाते ठाऊक नाही. तेव्हा येत्या शुक्रवारी तातेराव, फोटोवाला, सोनाजी, मेंढी आणि मी असे पाचजण तुमच्याकडे येत आहोत. स्वयंपाक साधाच असावा. मेंढी जेवणार नाही.

हे पत्र वसरामाच्या गाडीबरोबर पाठवतो आहे, आणि सोबत कुंतलकौमुदीच्या दोन बाटल्या, एक मामींना आणि एक शालूला, प्रेमाची भेट म्हणून. वडीलधाऱ्यांना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद, आणि मधल्या वयाची जी कोणी एकच व्यक्ती घरात आहे तिला जे योग्य असेल ते.

तुमचा टिकून राहिलेला भाचा,
संतराम

ता. क. खरे काम लिहायचे राहिले. शुक्रवारी रुमाल उतरवू नये. अगदीच गळ घातली तर खुशाल उतरवावा आणि सांगावे की केस आले होते, फार आले होते, पण नवस होता म्हणून बालाजीला वाहिले. हे ऐकून कोणीही हात जोडेल, तातेराव तर रडतीलच. तुम्ही बालाजीला गेला नाहीत हे गावाला माहीत आहे, पण बसमतेला नाही. फक्त नामाजी न्हाव्याला त्या दिवशी कुठे तरी दूर हजामतीला पाठवावे. या एका दुपारी तुम्ही गप्प राहिलात तर पाडवा गाठतो. नाही तर तुमच्या अटीत मी तुमच्याच डोक्यामुळे नापास होईन, आणि ते दोघांनाही शोभणार नाही.

ता. क. दुसरा. बाटल्या फोडल्या नसतील तर फोडू नयेत. मामींनी लावले असेल तर तातडीने शिकेकाईने धुवावे.

(ता. क. तिसरा. शालू, इथे खोकला आल्याचे सोंग कर आणि हे आतल्या खोलीत जाऊन वाच. दिवाळीला मामी म्हणाल्या होत्या की संतरामाचं कपाळ वर वर सरकून राहिलंय. ते मनाला फार लागले. संक्रांतीपासून मी रोज कुंतलकौमुदी लावली, तीन बाटल्या संपवल्या. मीच लिहिलेली जाहिरात मी रोज वाचत होतो, आणि वाचून वाचून माझा तिच्यावर विश्वास बसला. आता सोनाजीची मेंढी आणि मी शेजारी उभे राहिलो तर फोटोवाल्याला दोघांत निवड करणे कठीण जाईल. हे पत्र मी रुमाल बांधूनच लिहितो आहे. मुंडावळ्या रुमालावरूनच बांधतात, ते मी दोघा जाणत्यांना विचारून घेतले, म्हणजे अक्षता पडेपर्यंत अडचण नाही. पण तुला ते नंतर कळावे हे मला बरे वाटेना. साऱ्या जगाला खोटी पत्रे लिहिली, तुला एक खरे लिहावे म्हटले. मला तू हवी आहेस, हे तुला इतके दिवस ठाऊकच असेल, पण लिहून दिलेले बरे. आता तू ठरव. नाही असेल तर बाटल्या भरल्या तशाच वसरामाबरोबर परत कर, मी समजेन, आणि मामांना त्रास न देता स्वतःच तातेरावांना सगळे सांगून नोकरी सोडीन. हो असेल तर तेल उकिरड्यावर ओत आणि बाटल्या रिकाम्या पाठव. इथे रिकाम्या बाटल्यांची फार टंचाई आहे.)