दोन्ही हात मोकळे राहतील अशी पिशवी

मिरजोळे, रत्नागिरी
८ जून २०२४

प्रिय दमाताईस,
शालनचा सप्रेम जयभीम.

तुम्ही सगळी बरी असाल. भावोजींचा खोकला थांबला का? मृणालीचा बारावीचा निकाल कळला, फार आनंद झाला. पेढे मी आल्यावर खाईन, तोवर तिच्या पाठीवर माझ्या वतीने एक थाप मार.

इकडे ठीक. संदेशची जयगडला पोर्टवर ड्युटी चालू आहे. शनिवारी येतो, रविवारी संध्याकाळच्या गाडीने परत जातो. रितेश भिंत धरून चालायला लागलाय आणि हाताला लागेल ते तोंडात घालतोय. मनूची शाळा पंधराला सुरू होते. पहिलीत जाणार म्हणून रोज दप्तर भरून बघते.

पत्र बघून तुला नवल वाटेल. महिपतकाका उद्या मुंबईला येतायत, त्यांच्या हातून देते. फोनवर मला बोलता येत नाही. आमची एकच खोली, आणि मनू हल्ली कान देऊन असते. तिच्या आजाराचं काही निघालं की हातातलं सोडून माझ्या तोंडाकडे बघत बसते. शिवाय मापं आणि चित्र फोनवर कसं सांगणार?

काम असं आहे. भावोजी बॅगा शिवतात म्हणून त्यांच्याकडेच मागते. मला एक पिशवी हवी आहे. शाळा सुरू झाली की रोज दुपारी मधल्या सुट्टीत मला मनूला इंजेक्शन द्यायला जावं लागेल. रितेशला कडेवर घेऊनच जायचं, कारण त्याला ठेवायला कोण नाही. तिथून बाजार, कधी दवाखाना. म्हणजे पिशवी अशी हवी की खांद्यावर आडवी अडकवली की दोन्ही हात मोकळे राहिले पाहिजेत. पट्टा रुंद असू दे. बारीक पट्टा खांद्यात रुततो.

आतापर्यंत दोन पिशव्या झाल्या. पहिली बाजारातली गुलाबी, वर ससा होता, मनूनेच निवडली. आठ दिवसांत शिवण उसवली. दुसरी रेग्झिनची. तिची चेन गंजली. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत लोखंडाची चेन टिकत नाही, भावोजींना प्लॅस्टिकची जाड दातांची लावायला सांग. त्या पिशवीत आणखी एक घोटाळा झाला. इन्सुलिनची बाटली थंड ठेवायची असते म्हणून मी बर्फाच्या पिशवीला लावूनच ठेवली. औषध गोठलं. गोठलं की ते टाकून द्यावं लागतं. शेजारच्या तुळसाकाकूंच्या फ्रिजमध्ये दुसरी बाटली होती म्हणून निभावलं. तर आत दोन वेगळे कप्पे हवेत, मध्ये जाड अस्तर. एकात बर्फ, एकात औषध. साखर तपासायचं मशीन आणि पट्ट्या ठेवायला एक कोरडा कप्पा, पावसाचं पाणी अजिबात जाणार नाही असा. ग्लुकोजची पुडी आणि बिस्किटं पुढच्या खिशात, कारण साखर उतरली तर शोधत बसायला वेळ नसतो. आतलं कापड पांढरं किंवा पिवळं लावा. काळ्या अस्तरात सुया दिसत नाहीत. रितेशचं लंगोट-दुपटं मावेल एवढी जागा राहिली तर बरं, नाही राहिली तर वेगळं घेईन.

आणि बाजूला पाण्याच्या बाटलीचा खिसा. तो बाहेरूनच हवा. वरून दिसेल असा. मनू म्हणते तिला बाटली दिसली पाहिजे.

चित्र मागच्या पानावर काढलंय. हसू नका.

त्या दिवशी नक्की काय झालं ते तू फोनवर दोनदा विचारलंस. विशेष काही नाही गं. मामेबहीण स्नेहलच्या बाळाचं नामकरण होतं, लांज्याच्या पुढे. मे महिन्याचं ऊन, एसटीत गर्दी, पाण्याची बाटली घरी राहिली. तिथे पोचल्यावर मनूला उलट्या झाल्या, मग दवाखान्यात आणलं. मग कळलं की साखरेचा आजार आहे. लहान मुलांना होतो तो. बाकी सगळं तुला माहीत आहे. तू यायला निघाली होतीस, मीच नको म्हटलं. मृणालीच्या कॉलेजची धावपळ, भावोजींचा खोकला, आणि खरंच इथे करण्यासारखं काही नव्हतं.

काजूच्या कारखान्यातलं काम मी सोडलं. दिवसातून चार इंजेक्शनं, त्यात कोण ठेवणार?

सर्वांना जयभीम. उत्तर पाठवायची घाई नाही, पिशवीची आहे.

तुझी
शालन


मिरजोळे
१२ जुलै २०२४

प्रिय दमाताईस,
सप्रेम जयभीम.

पिशवी मिळाली. भावोजींना सांग, अशी पिशवी रत्नागिरीच्या बाजारात नाही. काल शाळेत जाताना मुसळधार होता, छत्री उलटली, मी भिजले, रितेश भिजला, पण आतल्या पट्ट्या कोरड्या. मनूच्या बाईंनी हातात घेऊन उलटसुलट बघितली, म्हणाल्या, कुणी शिवली हो? पट्ट्याची गाठ थोडी सरकते, ती मी दोऱ्याने टाचली.

पिशवी मनूच भरते. सकाळी उठली की आधी बाटली भरून बाजूच्या खिशात खोचते, मग बाकीचं. मग घरातून निघेपर्यंत तीन वेळा खिशाला हात लावून बघते. रस्त्यातही. तुळसाकाकू कौतुक करतात, केवढी जबाबदार पोर.

ताई, मागच्या पत्रात मी तुला लिहिलं, बाटली घरी राहिली. राहिली नव्हती. मी काढून ठेवली होती.

आता लिहायला घेतलंय तर सगळं लिहिते. रितेश झोपलाय, मनू शाळेत आहे, मला निघायला अजून तास आहे.

त्या दिवसाच्या आधी तीन आठवडे मनू सारखं पाणी पीत होती. रात्री अंथरूण ओलं करायची. सहा वर्षांची पोर, दोन वर्षांपूर्वी सुटलेली सवय. मला वाटलं, रितेशवरून करते. सगळी तसंच म्हणत होती, धाकटं झालं की मोठं असं करतंच. पहिले चार दिवस समजावलं. मग ओरडले. एकदा मारलं. चादर तिच्याकडून धुवून घेतली. ती अंगाने उतरत चालली होती, तर मला वाटलं उन्हाळा आहे, जेवत नाही. मग एकदा बाजारातून येताना एसटीत तिने सीट ओली केली. कंडक्टर सगळ्यांसमोर म्हणाला, “बाई, पोरीला आधी नेऊन आणायचं कळत नाही काय?” माझी मान खाली गेली. त्या दिवशी घरी येऊन मी तिच्याशी संध्याकाळपर्यंत बोलले नाही.

म्हणून नामकरणाला निघताना मी तिची बाटली पिशवीतून काढली आणि कपाटावर ठेवली. सव्वा तासाचा तर प्रवास, म्हटलं नाही प्यायली तर काय होतंय. नवीन फ्रॉक घातला होता तिने, नातेवाइकांत जायचं होतं.

हातखंब्याच्या पुढे ती पाणी मागायला लागली. मी म्हटलं, पोचल्यावर. थोड्या वेळाने तिने परत मागितलं. मी डोळे वटारले. शेजारी एक म्हातारी बसली होती, तिने आपली बाटली पुढे केली. “पोरीला पानी दे गो, व्हट सुकलेत तिचे.” आणि ताई, मी म्हटलं, “तिला सवय आहे हो मागायची. पोचल्यावर पिईल.” म्हातारीने बाटली तशीच धरून ठेवली होती. मनूने हात नाही पुढे केला. ती बाटलीकडे बघतच नव्हती, माझ्याकडे बघत होती. मी नको म्हणून मान हलवली, तशी तिने डोकं खिडकीला टेकलं.

तिथे पोचल्यावर मोरीत जाऊन ती एकामागून एक तांबे पाणी प्यायली. मग ओकली. स्नेहलची सासू म्हणाली, ऊन लागलं. पडवीत निजवलं. थोड्या वेळाने बघते तर धावून आल्यासारखी धापा टाकतेय आणि तोंडाला पिकून गेलेल्या फळासारखा वास. हाक मारली तर ओ देईना. स्नेहलच्या दिराने गाडी काढली. दवाखान्यात मशीन लावलं तर आकडाच दिसेना, मशीनला मोजता येत नाही एवढी साखर होती. डॉक्टरबाईंनी विचारलं, पाणी जास्त पीत होती का? मी म्हटलं, हो. किती दिवस? मी म्हटलं, लक्षात नाही.

चौथ्या दिवशी ती नीट बोलायला लागली. संदेश तिच्या उशाशी बसला होता. त्याने मला सहज विचारलं, रागाने नाही, “एवढ्या उन्हात पाण्याची बाटली नव्हती काय तुझ्याकडे?” मी तोंड उघडलं. शब्द फुटायच्या आत मनू म्हणाली, “पप्पा, बाटली मी विसरले. आई घे म्हणाली होती.”

मी गप्प बसले. संदेशने तिच्या केसांतून हात फिरवला आणि म्हणाला, असू दे बाळा. झालं. एवढंच झालं. त्या घडीला बोलले असते तर बोलले असते. नंतर दिवसागणिक ते जड होत गेलं.

डॉक्टरबाई म्हणतात, हा आजार कुणाच्या चुकीने होत नाही, आईने मनाला लावून घेऊ नये. तुळसाकाकूही तेच म्हणतात, संदेशही तेच म्हणतो. ते आजाराबद्दल बोलतात. मला पाण्याबद्दल विचारायचं असतं आणि ते विचारताच येत नाही.

मागच्या शनिवारी ठरवलं होतं, सांगायचंच. संदेश इंजेक्शन द्यायला शिकतोय, आधी संत्र्यावर टोचून बघितलं, मग पहिल्यांदा मनूला दिलं. झाल्यावर बाहेर जाऊन पायरीवर बसला. मी शेजारी जाऊन बसले. म्हटलं, मला एक सांगायचंय. तर तोच बोलायला लागला. “शालू, मी तिकडे क्रेनखाली उभा असतो ना, तेव्हा एकच डोक्यात येतं. तू तिला वेळेवर आणलंस. तू होतीस म्हणून पोर राहिली.” त्याचे डोळे भरले होते. काय सांगायचंय म्हणालीस, असं त्याने नंतर विचारलं. मी म्हटलं, गॅस संपत आलाय.

ताई, खरा त्रास आणखी वेगळाच आहे. मनू आता विचारल्याशिवाय पाणी पीत नाही. बाटली गळ्यात असली तरी. “आई, पिऊ?” मी हो म्हटलं की दोन घोट घेते, झाकण लावते. पाच मिनिटांनी परत, “आई, पिऊ?” मी शंभर वेळा सांगितलं, विचारायचं नाही गं, पाणी आपलंच आहे, हवं तेवढं पी. ती मान डोलावते आणि परत विचारते. शाळेतही हात वर करून विचारते. बाई मला म्हणाल्या, “फार शिस्त लावलीय हो तुम्ही, थोडी सैल सोडा.” मला रडू आलं ते त्यांना पावसाने कळलं नाही.

परवा शाळेतून येताना पाऊस लागला म्हणून आम्ही स्टॉपवरच्या शेडमध्ये बसलो. रितेश मांडीवर झोपला होता. दुसरं कुणी नव्हतं. मी म्हटलं, “मनू, त्या दिवशी बाटली तू विसरली नव्हतीस.”

ती पाय हलवत होती. म्हणाली, “माहितीये. तू कपाटावर ठेवलीस. मी बघितलं.”

“मग पप्पांना तसं का सांगितलंस?”

“मी आजारी होते ना. मला कोण ओरडलं नसतं. तुला ओरडले असते.”

मी तिला जवळ घेतलं. म्हटलं, आईचं चुकलं. फार चुकलं. ती म्हणाली, “आता पप्पांना नको सांगू हं. आपलं दोघींचं.” मी काही बोलले नाही, ते तिने हो धरलं. मग पाऊस ओसरला आणि उठताना तिने बाटलीला हात लावून विचारलं, “आई, पिऊ?”

मला वाटलं होतं, मी माफी मागितली की ते तरी थांबेल.

संदेश उद्या येईल. सांगितलं तर पोरीचा शब्द मोडतो. नाही सांगितलं तर सहा वर्षांची पोर माझी चूक स्वतःच्या नावावर घेऊन मोठी होणार. दोन्हीकडून चुकते ती मीच. मला काही सुचत नाही. मी औषध मोजते, वेळेवर देते, रात्री उठून तिची साखर बघते, यातलं काही चुकत नाही माझं. आणि हे एक होत नाही.

तुला मी मे महिन्यात नको म्हटलं होतं. आता ये. चार दिवस काढून ये. मला समजावू नकोस, संदेशला काय सांगायचं तेही तू ठरवू नकोस. फक्त मनूला सांग की पाणी विचारून प्यायचं नसतं. तिला ते दुसऱ्या कुणीतरी सांगायला हवं. माझ्याकडून ती एकदा शिकली, आता माझं ऐकत नाही.

निघायची वेळ झाली. सर्वांना जयभीम.

हे पत्र वाचून फाडू नकोस. जपून ठेव. मनू मोठी झाली आणि तिने कधी विचारलं, तर तिच्या हातात दे.

तुझी
शालन